तात्पुरती उत्तरसूची

घाटकोपर पूर्व
८ सप्टेंबर २०२४

दादा,

तुझा पत्ता वकिलाच्या नोटिशीवर मिळाला. सख्ख्या भावाचा पत्ता वकिलाकडून कळावा, यापुढे बोलण्यासारखं फार काही उरत नाही, तरी लिहिते. फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

आज आपला दीड दिवसाचा गणपती गेला. सगळं दरवर्षीसारखंच झालं, फक्त पाट उचलायला शेजारचे शिवदासकाका आले. आईने त्यांना सांगितलं, देवदत्तला बंगळुरूहून सुट्टी मिळाली नाही. काकांनी मान डोलावली. तिथे तू कोणाबरोबर बिऱ्हाड केलं आहेस ते आपल्या इमारतीत वॉचमनपासून सगळ्यांना ठाऊक आहे. आई सुट्टीची गोष्ट सांगते आणि लोक तिचं मन राखायला ऐकून घेतात.

आता मुद्द्याचं. घटस्फोटाच्या अर्जावर वहिनी सही करणार आहे, पण आत्ता नाही. तिचेच शब्द लिहिते: "मी नोकरीत कायम झाले की सही करीन. त्याच्या आधी केली तर लोक म्हणतील नवऱ्याने टाकली, आणि मलाही तसंच वाटेल." लग्नाआधीपासून ती मुलुंडच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर कॉमर्स शिकवते हे तू विसरला नसशील. जेवढे तास घेतले तेवढाच पगार, उन्हाळ्यात काही नाही, आणि जून आला की पुन्हा पहिल्यापासून अर्ज. यंदा तिथे एक कायम जागा निघाली आहे. मुलाखती फेब्रुवारीत. मुलाखतीला बसायचं तर प्राध्यापकांची पात्रता परीक्षा पास हवी, आणि ती नोव्हेंबरात आहे.

याआधी ती दोनदा बसली. दोन्ही वेळा विषयाच्या पेपरने तारलं आणि पहिल्या पेपरने मारलं. त्या पहिल्या पेपरात शिकवणं, संशोधन, तर्क, आकडेमोड, पर्यावरण असं सगळं थोडंथोडं असतं, आणि तिथे तिची गाडी अडते. माझी ही परीक्षा केव्हाच झाली, मी माझ्या कॉलेजात कायम आहे, आणि रविवारी अंधेरीला याच पहिल्या पेपरचा क्लास घेते. म्हणजे शिकवणारी घरात आणि शिकणारीही घरात. तुझी सुटका आमच्या दोघींच्या अभ्यासावर आहे, तेव्हा देवाकडे काही मागायचं असेल तर आमच्यासाठी माग.

बहीण म्हणून कळवलं. बाजू विचारशील तर मी तिच्या बाजूची आहे.

गंधाली


१३ ऑक्टोबर २०२४

दादा,

तुझं उत्तर आलं नाही, येईल असं वाटलंही नव्हतं. आपण लहान असतानासुद्धा तू खोड्या काढून गच्चीवर जाऊन बसायचास आणि खाली बोलणी मी खायचे.

काल दसरा झाला. वहिनीने पुस्तकांची पूजा मांडली आणि आज ती उचलायला जराही वेळ लावला नाही. आपल्या फ्रिजचा दरवाजा आता दिसत नाही. संशोधनाचे टप्पे, नमुना निवडीचे प्रकार, टक्केवारी काढायच्या रीती, सगळे कागद चिकटवलेत. दूध काढायला गेलं की आधी गृहीतक म्हणजे काय ते वाचावं लागतं. ती मुलुंडहून येते, चहा घेते, आणि आई तिची परीक्षा घेते. टेलिफोन ऑफिसातून रिटायर झाल्यावर आईला असं हुकमत गाजवायचं काम पहिल्यांदाच मिळालं आहे. चष्मा लावून, पुस्तक लांब धरून ती मोठ्याने विचारते.

"शिक्षकाचा सर्वांत महत्त्वाचा गुण कोणता? अ, विषयाचं ज्ञान. ब, संयम. क, मुलांविषयी आस्था. ड, शिस्त."

वहिनी कणीक मळता मळता म्हणते, "क."

"पुस्तकात अ दिलंय. पण मला विचारशील तर चारही लागतात गं."

"आई, चारही असं उत्तर तिथे नसतं ना."

"मग परीक्षाच चुकीची आहे. माझ्या हातात असती तर तुला इथेच पास केली असती."

हे ऐकून तुला वाटेल, वा, काय सासू आहे. आहेच. पण आता जे लिहिते ते तुला लिहावं की नाही याचा दोन दिवस विचार केला. परवा आई देवापुढे दिवा लावून डोळे मिटून बसली होती. मी सहज म्हटलं, "वहिनीच्या परीक्षेसाठी मागतेस ना?" वहिनी बाथरूममध्ये आहे याची खात्री करून आई हळूच म्हणाली, "नाही झाली पास, तर सही करणार नाही ना ती? मग देवदत्त किती दिवस राहील असा लटकत? कंटाळेल आणि येईल परत."

याच बाईने त्या सकाळी वहिनीला बदाम भिजवून, सोलून दिले होते. दोन्ही मनापासून. मला आईचा राग येईना, म्हणून तुझ्यावर काढला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय.

वहिनीला यातलं काही माहीत नाही. तू कोणाला सांगण्याचा प्रश्नच नाही, तुझ्याशी इथलं कोण बोलतं.

गंधाली


२५ नोव्हेंबर २०२४

दादा,

काल परीक्षा झाली. आईने हातावर दही घातलं. कोणत्या देवाला काय सांगून घातलं ते मी विचारलं नाही.

सेंटर चेंबूरकडे आलं होतं, म्हणून वहिनीचे वडीलही माहुलहून आले. गुणाजीकाकांना तू शेवटचं केव्हा भेटलास? फार वाळलेत. गिरणी बंद झाल्यावर पंचवीस वर्षं तिथल्या रिफायनरीत टँकरच्या गेटवर पहाऱ्याला उभे राहिले, आता खोकला पाठ सोडत नाही. पेपर सुटेपर्यंत कॉलेजच्या फाटकाशी माझ्याबरोबर उभे होते. तुझ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. वहिनी बाहेर आली तेव्हा फक्त विचारलं, "बरो गेलो मां पेपर?"

"बरो गेलो, बाबा," ती म्हणाली, आणि हसली. दादा, ती हसते तेव्हा अजूनही लग्नातल्या फोटोसारखी दिसते. हे तुला टोचावं म्हणूनच लिहिते आहे.

तुझ्या वकिलाच्या ऑफिसातून आज एका माणसाचा फोन आला. नशिबाने मी उचलला. फार अदबीने विचारत होता, "मॅडम, परीक्षेचा निकाल साधारण कधी असतो? साहेबांना डायरीत तारीख टाकायची होती." मी त्याला सांगितलं, निकाल लागला की साहेबांना पेढे पाठवू. तुझ्या सांगण्यावरून फोन होता की वकिलाचीच हौस? तुझ्या सांगण्यावरून असेल तर तुला लाज नाही, आणि नसेल तर तुझ्या वकिलाला नाही.

गंधाली


१० डिसेंबर २०२४

दादा,

आज जरा सविस्तर लिहिते, कारण हे घरात कोणाशी बोलता येत नाही.

परीक्षा झाल्यावर आधी तात्पुरती उत्तरसूची लागते. एखादं उत्तर चुकीचं वाटलं तर परीक्षा दिलेल्याने ठरावीक मुदतीत फी भरायची, पुस्तकाचं पान जोडायचं आणि हरकत घ्यायची. हरकत पटली तर उत्तर बदलतं आणि सगळ्यांचे पेपर नव्या सूचीने तपासले जातात. काल सूची लागली. वहिनीने आणि मी जेवणाच्या टेबलावर बसून पडताळून पाहिलं. विषयाच्या पेपरात काळजी नाही. पहिल्या पेपरात ती गेल्या वेळच्या कट-ऑफच्या अगदी काठावर बसते. काठाच्या आत. एक प्रश्न इकडचा तिकडे झाला की बाहेर.

पर्यावरणावर एक प्रश्न होता. यांतलं दुय्यम प्रदूषक कोणतं? पर्याय होते सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन आणि शिसं. सूचीत सल्फर डायऑक्साइड दिलं होतं. वहिनीनेही तेच लिहिलं होतं. "हा वायू मी नाकाने ओळखते गं," ती खुशीत म्हणाली. "माहुलला खिडकी बंद करून निजायचो आम्ही. बाकीच्या तिघांची फक्त नावं वाचलीत."

दादा, सूची चुकली आहे. धुराड्यातून थेट बाहेर पडतं ते प्राथमिक. जे कोणाच्याच धुराड्यातून निघत नाही, बाहेर हवेत गेल्यावर उन्हात एकाची दुसऱ्याशी गाठ पडून तयार होतं, ते दुय्यम. ओझोन तसा. मी हे दरवर्षी शिकवते. बोलले काहीच नाही, पण माझा चेहरा तुला माहीत आहे, पत्ते खेळतानासुद्धा मला कधी काही लपवता आलं नाही.

वहिनी म्हणाली, "चुकलंय ना सूचीत?"

"हो."

"तू हरकत घेणार?"

"मी कुठे परीक्षेला बसले होते? मला घेताच येत नाही."

"मग तुझ्या क्लासमधलं कोणी?"

मी म्हटलं, हजारो लोकांनी परीक्षा दिली आहे, कोणाच्याही लक्षात येऊ शकतं. ती म्हणाली, "इतरांचं इतर बघतील. तू गप्प बस. मुदत आहे तोवर एवढं एक विसरून जा. गंधाली, या घरात आल्यापासून मी तुझ्याकडे काही मागितलं नाही."

खरंच मागितलेलं नाही. बाबांच्या आजारपणात त्यांचं सगळं तिने केलं, तेव्हा तू ऑफिसच्या टूरवर असायचास, आणि ते टूर कुठे होते ते आता कळतंय. मी तिला वचन दिलं. अगदी सहज दिलं. त्यात मला काही चुकीचं वाटलं नाही आणि अजूनही वाटत नाही. चूक सूची लावणाऱ्याची आहे. आयुष्यात एकदा कोणाच्या तरी चुकीचा फायदा तिला झाला तर झाला.

गंधाली


१५ डिसेंबर २०२४

दादा,

आज अंधेरीच्या क्लासमध्ये जे झालं ते लिहून टाकते. नाही लिहिलं तर मी स्वतःला काहीतरी वेगळंच पटवून देईन.

क्लासला श्रुतिका नावाची एक बाई येते. मरोळच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम बघते, सहा दिवस ते आणि सातव्या दिवशी आमचा क्लास. वय माझ्याएवढं असेल. हुशार आहे, पण स्वतःवर काडीचा विश्वास नाही. आज तासाच्या शेवटी ती उभी राहिली. "मॅडम, तो प्रदूषकाचा प्रश्न. मी ओझोन लिहिलं. सूचीत सल्फर डायऑक्साइड आहे."

मी म्हटलं, "सूचीवर नंतर बोलू."

"नाही, म्हणजे माझंच चुकलंय ना? मला वाटलं होतं यावेळी मला समजलंय. मी असंच करते दर वेळी." आणि तिने माझ्यासमोर वही उघडून, गेल्या वर्षी मीच शिकवलेला तो भाग, बरोबर असलेला, पेनाने खोडायला घेतला. नीट रेघ मारून. खाली लिहायला लागली, सल्फर डायऑक्साइड हे दुय्यम.

पहिल्या पेपरात नेहमी विचारतात, विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर शिक्षकाला येत नसेल तर त्याने काय करावं. चार पर्याय असतात, शेंबड्या पोरालाही बरोबर पर्याय कळतो. उत्तर येत असेल आणि सांगायचं नसेल तर काय करावं, असं मात्र कोणी विचारत नाही.

मी म्हटलं, "श्रुतिका, खोडू नका." मार्कर उचलला आणि फळ्यावर धुराडं काढलं. ऊन काढलं. सगळं समजावलं. कोणीतरी मागून विचारलं, मॅडम, कुठल्या पुस्तकात आहे? तर पुस्तकाचं नाव सांगितलं आणि पानसुद्धा. तोंडपाठ आहे रे मला. बोलून झाल्यावर भानावर आले. सगळे भराभर लिहून घेत होते. श्रुतिकाच्या चेहऱ्यावर कोणीतरी तिला पास केल्यासारखा आनंद होता.

"मॅडम, उद्यापर्यंत मुदत आहे. मी हरकत घेऊ?"

मी म्हटलं, "तुमचं तुम्ही ठरवा." हे काही उत्तर झालं? हे पळून जाणं झालं. घे म्हणावं तर वहिनी, नको म्हणावं तर ही समोर उभी. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं.

घरी आले तर वहिनीने थालीपीठं लावली होती. "कसा झाला क्लास?" विचारलं तिने.

"झाला," म्हटलं, आणि लोणी जास्त मागून घेतलं. मला भूक नव्हती.

श्रुतिका हरकत घेईलच असं नाही. घेतली तरी ती मान्य होईलच असं नाही. मी हे सगळं मनाशी बोलते आहे आणि माझं मन माझं ऐकत नाही. तू इथे असतास तर तुझ्याशी बोलले असते. हे वाक्य लिहिताना माझाच मला राग आला, पण खरं आहे म्हणून ठेवते.

गंधाली


२ फेब्रुवारी २०२५

दादा,

शुक्रवारी निकाल लागला. अंतिम सूचीत त्या प्रश्नाचं उत्तर ओझोन झालं. वहिनी राहिली. एका प्रश्नाने.

तिने निकाल स्वयंपाकघरात उभ्याने मोबाईलवर पाहिला. ओरडली नाही, रडली नाही. गॅस बारीक केला आणि मला फोन दाखवला. मग पोळ्या पुऱ्या केल्या. आई मात्र रडली, अगदी खरं रडली, वहिनीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "माझ्या पोरीचं नशीबच मेलं असलं कसं." आणि संध्याकाळी मी पाहते तर तिने तुझं कपाट आवरायला काढलं होतं. तुझे शर्ट उन्हात टाकायचे म्हणत होती. मी दार लोटून घेतलं, वहिनीला दिसू नये म्हणून.

आज क्लासला श्रुतिका पेढे घेऊन आली. पास झाली. फळ्यापाशी येऊन माझ्या पाया पडायला वाकली, सगळ्यांदेखत. "मॅडम, तुम्ही दिलेलं पान जोडलं होतं मी. तुमच्यामुळे." मी पेढा खाल्ला. उरलेला डबा घरी आणायची हिंमत झाली नाही, खालच्या वॉचमनला देऊन टाकला.

संध्याकाळी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "कोणी घेतली असेल गं हरकत?"

मला गप्प बसता आलं असतं. हजारो लोक परीक्षेला बसतात, त्यांतल्या कोणाचंही नाव पुढे करता आलं असतं. मी सांगितलं. श्रुतिकाने वही खोडायला घेतली ते सांगितलं, फळ्यावर काढलं ते, पान सांगितलं ते. वहिनी घड्या घालत राहिली. तुझा एक जुना टॉवेल होता, त्याचीही घडी घातली.

"ती बाई पास झाली?"

"हो."

"कितव्यांदा बसली होती?"

"चौथ्यांदा."

"बरं झालं तिचं," म्हणाली. खोटं नव्हतं त्यात. मग शेवटची घडी घालून म्हणाली, "तू तिला चुकीचं शिकवलं असतंस तर मला तुझी लाज वाटली असती. पण बरोबर शिकवलंस म्हणून मी तुझ्याशी पहिल्यासारखी बोलू शकेन, असं मला नाही वाटत. प्रयत्न करून बघते."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. मला भांडता येतं. कोणी असं नीट, सरळ बोललं की मला काय करायचं ते कळत नाही.

दुष्काळात तेरावा महिना म्हणजे तुझ्या वकिलाचा तो अदबशीर माणूस. नेमका जेवताना त्याचा फोन, आणि उचलला वहिनीने. निकाल लागला ना मॅडम, असं विचारलं असणार. "लागला," एवढंच म्हणून तिने ठेवला. ताटातलं संपवून उठली. अन्न टाकायचं नाही ही तिची सवय तुला आठवते का?

गंधाली


२३ फेब्रुवारी २०२५

दादा,

सोबत अर्ज आहे. प्रत्येक पानावर वहिनीची सही आहे. माझ्यासमोर, जेवणाच्या टेबलावर केली. कोर्टात यावं लागेल तेव्हा येईन म्हणाली.

मुलाखती झाल्या. ज्यांची निवड झाली ते सर पुढच्या आठवड्यात हजर होतील. वहिनीचे तास आता तेच घेणार. प्राचार्य तिला म्हणाले, मॅडम, तुमच्यासारखं शिकवणारं मिळणार नाही, पण आमचेही हात बांधलेले आहेत. उचलली जीभ लावली टाळ्याला. इतकी वर्षं बांधलेल्या हातांनी तिच्याकडून पेपर तपासून घेत होते ते.

काल गुणाजीकाका तिला न्यायला आले. आईने त्यांच्यासाठी चहा ठेवला आणि चहा उतू गेला तरी तिचं लक्ष नव्हतं. वहिनीने बॅग दाराशी ठेवली, टेबलाशी बसली आणि पेन मागितलं. तेव्हा आईने तिचा हात धरला.

"अगं, तुझी अट होती ना? कायम झाल्यावर सही करणार म्हणाली होतीस. मग आता कशाला? पुढच्या वेळी होशील पास. तोवर थांब."

वहिनी म्हणाली, "आई, अट मी ऐटीत घातली होती. पास होणाऱ्याने घालावी असली अट. आता कशासाठी थांबू? तुम्ही दर वेळी दिवा लावायचा आणि मी दर वेळी नापास व्हायचं, असं किती वर्षं?"

तिला सगळं माहीत होतं, दादा. कधीपासून ते मी विचारलं नाही. ते माहीत असूनही ती रोज कणीक मळता मळता आईच्या प्रश्नांना उत्तरं देत होती. आईचा हात आपोआप सुटला. वहिनीने सह्या केल्या, मग वाकून तिला नमस्कार केला. आईला आशीर्वाद काय द्यावा ते सुचेना. अखंड सौभाग्यवती तोंडात आलं होतं, ते तिने गिळलं. शेवटी नुसती तिच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिली.

काकांनी बॅग उचलली. मी मदत करायला पुढे झाले तर मला म्हणाले, "ऱ्हवांदे गो बाय. माज्या चेडवाक मी घेऊन जातंय. तुज्यार राग नाय आमचो." मला तेच सहन झालं नाही. रागावले असते तर निदान काहीतरी हातात राहिलं असतं.

वहिनी माझ्याशी जाताना एकच वाक्य बोलली. "फ्रिजवरचे कागद काढून टाक, नाहीतर रंग निघेल." मी काढले. रंग आधीच निघाला होता.

माहुलला ती काय करेल ते माहीत नाही. जी बंद करून ते लोक निजायचे, त्याच खिडकीत बसेल. शिकवण्या घेईन म्हणते आहे. परीक्षेला पुन्हा बसणार का, असं मी मेसेजवर विचारलं. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. तुझ्या बहिणीला आता दोन माणसं उत्तर देत नाहीत.

तुझ्या मनासारखं झालं. या घरात एकट्या तुझ्याच मनासारखं झालं, आणि तू तर इथे राहतही नाहीस. आई काल विचारत होती, केलेली सही मागे घेता येते का. तुझे शर्ट तिने पुन्हा कपाटात लावले आहेत. तू येणार नसलास तर तिला एकदा फोन करून तसं सांग. माझ्याकडून ते होणार नाही, मी आता कोणाला काही सांगायला भिते.

आज सकाळी अंधेरीला क्लास होता. श्रुतिकाच्या जागेवर एक नवी मुलगी बसली होती. तिने हात वर करून विचारलं, "मॅडम, गाईडमध्ये या प्रश्नाचं उत्तर ब दिलंय. ते बरोबर आहे का?" बरोबर नव्हतं. मला उत्तर येत होतं. सगळे माझ्याकडे पाहत होते.

मी तिला म्हटलं, "छापलंय तेच लिहा."

गंधाली